लांबत्या दिवसांचा उपास

म्हातारीनं अंगठा जिभेला लावला आणि चिमाजी मास्तरच्या कपाळावरची राख पुसून टाकली. झालं ते एवढंच. पण भोरच्या भर पेठेत, मिशनच्या शाळेच्या पायरीशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत झालं. सकाळी चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी त्या राखेचा क्रूस त्याच्या कपाळावर काढला होता. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस होता, बुधवार. घामानं तो ओघळू नये म्हणून चिमाजीनं पागोटंसुद्धा जरा मागे सारून घातलं होतं. पेठेतल्या लोकांनी वळून बघावं, आपसात कुजबुजावं, हे त्याला मनातून आवडायचं. आणि ही कोण कुठली म्हातारी, बैलगाडीच्या मागच्या अंगाला गोधडीत गुंडाळून बसलेली, बोटानं खुणावून त्याला जवळ बोलावते काय, आणि शेंबड्या पोराचं तोंड पुसावं तसं कपाळ पुसते काय! "चुलीत डोस्कं घातलं हुतंस का रं चिमा?" ती म्हणाली. ते नाव ऐकलं आणि त्यानं म्हातारीकडे पुन्हा निरखून बघितलं. मास्तर झाल्यापासून त्याला चिमा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. गाडीच्या जुवाशी त्याचा धाकटा भाऊ सावळा उभा होता. खाली मान घालूनच तो म्हणाला, "आयेला आनलंय, दादा. नसरापूरपातूर डोलीतनं, तितनं म्होरं गाडीत. आता समदं तुज्या हातात हाय."

हातात काय आहे ते चिमाजीला ठाऊक होतं. गुंजवण्याच्या वरच्या पठारावर त्यांचा धनगरवाडा. संवत छपन्नच्या मोठ्या दुष्काळात गवत करपलं, म्हशी एकामागून एक बसल्या त्या उठल्या नाहीत, आणि त्यांच्या मागोमाग बापही गेला. मग भामाबाई, म्हणजे ही म्हातारी, दोन पोरं आणि उरलेली एक म्हैस घेऊन भोरला उतरली होती. मिशननं तेव्हा अनाथ पोरांसाठी छावणी घातली होती. छावणीच्या पुढच्या मैदानात तिनं म्हशीच्या आटलेल्या सडांतून वाटीभर दूध काढलं, चिमाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पी. म्या आलेच." पोर उपाशी होतं. त्यानं वाटीत तोंड खुपसलं. वर बघितलं तेव्हा आई नव्हती, सावळा नव्हता, म्हैससुद्धा नव्हती. पुढे मोठेपणी त्यानं स्वतःची हजार वेळा समजूत घातली. दोघांना जगवता येत नव्हतं तिला, मग थोरला, चालताबोलता, मिशनच्या स्वाधीन केला, शहाणपणाच केला. सगळं समजायचं त्याला. पण म्हैस घेऊन गेली हे काही केल्या समजायचं नाही. रात्री छावणीत पडल्या पडल्या तो आईपेक्षा त्या म्हशीचाच जास्त विचार करायचा, आणि त्याला स्वतःची लाज वाटायची.

वर परत जाताना भामाबाई वेल्ह्याला मेंगाई देवीपुढे थांबली आणि तिनं नेम बोलला. माजा चिमा माज्या हातचं दूध पिईल तवाच म्या दुधाला तोंड लावीन. गवळी धनगराची बाई! पहाटेपासून हात दुधातच. धारा काढायच्या, विरजायचं, घुसळायचं, लोणी कढवायचं, आणि जिभेला थेंब लावायचा नाही. हे चिमाजीला बऱ्याच वर्षांनी कळलं, सावळा सांगायला आला तेव्हा. तोवर त्याचा बाप्तिस्मा झाला होता, पुण्याला मास्तरकीचं शिकून झालं होतं, मिशनमध्येच वाढलेल्या फुलाबाईशी लग्न झालं होतं. 'येईन कधीतरी,' असं तो सावळ्याला म्हणाला होता. पुन्हा सावळा आला, पुन्हा चिमाजी तेच म्हणाला. दगडाच्या देवीला बोललेल्या शब्दाला ख्रिस्ती माणसानं कसा मान द्यावा, असं त्यानं मनाशी धरलं होतं, आणि ते कुणापुढे बोलावं लागलं नाही म्हणून कुणी खोडूनही काढलं नव्हतं. आता म्हातारीच्या पोटात काही ठरत नव्हतं. भाकरी, वरीची पेज, सगळं उलटून पडायचं. वेल्ह्याच्या वैद्यानं सांगितलं होतं, थोडं थोडं दूध पाजत राहा, वाचेल. नाही तर शिमग्यानंतर फार दिवस काढणार नाही. "येक घोट, दादा," सावळा म्हणाला. "तिच्या हातचा येक घोट घे. मंजी ती सुटंल आन् ती बी पिईल. येवढंच."

"आजपासून माझा उपास आहे," चिमाजी म्हणाला. "ईस्टरपर्यंत मला दूध चालत नाही."

आणि हे खोटं नव्हतं बरं का. दर वर्षी उपासकाळात तो दूध सोडायचा. आपल्याला सगळ्यांत गोड लागतं ते सोडा, असं पाद्रीसाहेब सांगत. मग कुणी मटण सोडे, कुणी तंबाखू, आणि रविवारी सगळे मोकळे होत, कारण रविवार उपासाच्या दिवसांत धरतच नाहीत. चिमाजी मात्र रविवारही पाळायचा. साहेबांच्या बंगल्यावर चर्चनंतर चहा व्हायचा, तेव्हा मास्तरसाठी बिनदुधाचा काढा वेगळा येई, आणि बाकीची मंडळी एकमेकांकडे बघत. त्या बघण्यावर त्याचे पुढचे सहा दिवस जात. तेव्हा पायरीवर उभं राहून तो जे बोलला ते अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त ते बोलताना छातीत जे गार गार, बरं वाटलं, ते उपासाचं नव्हतं. सावळ्याचं तोंड उतरलं होतं आणि ते बघून चिमाजीला बरं वाटत होतं.

सावळा जनावरांसाठी दुसऱ्या दिवशी माघारी गेला आणि म्हातारी मागच्या पडवीत राहिली. तिला वाईट वाटल्याचं काही दिसेना. उलट तिनं मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "कुनाचा रं उपास तुजा?" चिमाजी म्हणाला, देवाचा. "मंग मोडू नगंस बाबा," ती म्हणाली, आणि नीट समजून घ्यायला लागली. काय खायचं, काय नाही, कुठवर. मास्तरकीचा स्वभाव, चिमाजी सांगत बसला. पाद्रीसाहेबांनी एकदा बंगल्याच्या व्हरांड्यात त्याला ह्या काळाच्या नावाचं मूळ सांगितलं होतं. साहेब लोक ह्याला लेंट म्हणतात. त्यांच्या मुलखातला फार जुना शब्द, आणि त्याचा अर्थ नुसता वसंत, थंडी सरून दिवस लांबायला लागतात तो ऋतू. त्या शब्दात ना भूक आहे, ना पाप, ना देव. त्याहून जुन्या ख्रिस्ती मुलखांत त्याला नुसतं चाळिसाचं नाव होतं, प्रभूनं रानात चाळीस दिवस काही खाल्लं नाही म्हणून. आणि आपण उपवास म्हणतो, त्याचा मूळ अर्थ जवळ राहणं, देवाजवळ. हे तो दर वर्षी शाळेतल्या मुलांना सांगायचा आणि सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. दिवस लांबतात एवढंच सांगणारा साधा शब्द; माणसांनी हळूहळू त्यात सगळं दुखणं आणून भरलं, ह्याचं त्याला फार नवल वाटे. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "दिस लांबाय लागलं की आमच्याकडं दान्याची कनगी तळाला लागती," ती म्हणाली. "मंग समदा वाडाच धरतो की ह्यो उपास. म्हाईत नव्हतं बग, सायबाचा बी हाय म्हनून." ती हसली. टोचून बोलली नव्हती ती, तिला खरंच बरं वाटलं होतं. चिमाजीला वाटलं, टोचून बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवस मोठे व्हायला लागले. दुपारी पडवीत ऊन आत यायचं आणि लवकर जायचंच नाही. शाळा सुटली की चिमाजी पडवीच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. म्हातारीचं मनगट बघायचा, त्यातलं पितळी कडं कोपरापर्यंत वर सरकायला लागलं होतं ते बघायचा. फुलाबाई वरीची पेज करी, गाळून, मीठ घालून. ती दोन चमचे जायची आणि तिसऱ्याला सगळं बाहेर. एकदा फुलाबाईनं पेजेत कळेल न कळेल एवढं दूध घातलं. म्हातारीनं चमचा नाकाशी येताच ओठ मिटले. जन्मभर दुधात हात घातलेली बाई ती, तिला काय फसवणार? "पोरी, आसं करू नगंस," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी फुलाबाई मजघरात चिमाजीपुढे उभी राहिली. एरवी तोंड वर करून बोलणारी नव्हे ती. पण भडकली होती. "तुम्ही साहेबांना जाऊन विचारा," ती म्हणाली. "आजाऱ्याच्या जिवासाठी एक घोट घेतला तर देव रागावेल का, विचारा." चिमाजी म्हणाला, "मी तिला अडवलंय का? घरात दूध आहे. तिनं प्यावं. तिचं खोटं व्रत तिनं मोडायचं, की माझं खरं मी मोडायचं?" "तुमचं खरं आहे ना," फुलाबाई हळूच म्हणाली, "मग विचारायला का भिता?"

भीत तर तो होताच. साहेब हसले असते, खांद्यावर हात ठेवून म्हणाले असते, मास्तर, जा आणि आईच्या हातचं दूध पी, काय वेड्यासारखं करतोस. हे त्याला आरशात तोंड दिसावं इतकं स्वच्छ दिसत होतं, म्हणूनच तो बंगल्याच्या वाटेला जात नव्हता. आणि त्याच्या खालीही आणखी एक होतं, ते त्याला पडवीच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या दिसलं, आणि दिसल्यावर तो दचकलाही नाही. त्यानं घोट घेतला तर म्हातारी सुटणार. सुटली की दूध पिणार. पिऊन अंगात त्राण आलं की उठून बसणार, सावळ्याला निरोप धाडणार, आणि पठारावर चालती होणार. आपल्या म्हशींकडे. तो पुन्हा वाटी हातात धरून बसलेला राहणार. आता कशी, रोज इथंच असते. तो शाळेतून येतो तेव्हा असते, निजतो तेव्हा असते. सारखी त्याच्याकडे बघत असते, त्याच्या तोंडाकडे. लहानपणी छावणीत तो देवाकडे जे मागायचा ते आता मिळालं होतं, आणि ते संपू नये असं त्याला वाटत होतं. तिच्या अंगावरचं मांस झडत होतं आणि तो उंबऱ्यावर बसून बघत होता. किती नीच मन असावं माणसाचं? त्यानं स्वतःला हे विचारलंसुद्धा. विचारलं, की तेवढ्यानं त्याला जरा मोकळं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येऊन बसायचा.

उपासकाळाच्या मधल्या रविवारी बंगल्यावर मडमसाहेबांनी केक केला होता. त्यांच्या मुलखात, त्या मोडक्या मराठीत कौतुकानं सांगत होत्या, ह्या रविवारी घरकामाच्या पोरापोरींना सुट्टी देतात, आईला भेटून या म्हणून; आणि उपास त्या दिवशी ढिला करतात. मग सगळ्यांदेखत त्या चिमाजीकडे वळल्या. "मास्तर, तुझी आई आली आहे ना? आजारी आहे ना?" आणि दुधाचा चहा त्याच्या हातात दिला. चहा कसला, मिशनच्या गाईचं दाट दूधच ते, वर साय धरलेलं. नको म्हणायची त्याला सवय होती, शब्द तोंडातच होता. पण सगळे बघत होते, आणि आईचं नाव निघालं होतं, आणि नको म्हणावं तर मडमसाहेब पुढे आणखी काही विचारतील असं वाटलं. शिवाय भूक होती हो, साधी भूक! त्यानं कप तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्याला. त्यांनी दुसरा दिला, तोही प्याला. आईसाठी म्हणून केकचा तुकडा कागदात बांधून दिला होता. तो त्यानं नीरेच्या घाटावर बसून खाल्ला, चुरासुद्धा ठेवला नाही, आणि मग नदीत खळखळून चूळ भरली. घरी आला तर म्हातारी जागी होती. "आज ऐतवार," ती म्हणाली, "आज बी न्हाईच नव्हं?" तिच्या आवाजात गाऱ्हाणं नव्हतं, लहान मूल जत्रेचे दिवस मोजतं तसं ती विचारत होती. तो म्हणाला, "नाही, आये." तेव्हाच्या तेव्हा वाटी आणवून तिच्या हातात देता आली असती. उपास तर मोडलेलाच होता. पण तोंडातून नाही गेलं आणि मग ते नाहीच राहिलं. पुढच्या रविवारीही त्यानं बंगल्यावर दुधाचाच चहा घेतला. आता कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं.

उत्तम शुक्रवारी, प्रभूला क्रूसावर दिलं त्या दिवशी, सकाळी म्हातारीचा आवाज खोल गेला. फुलाबाईनं तिचे पाय चोळून बघितले, बाहेर आली आणि म्हणाली, "पायाचे तळवे गार पडलेत. आज नाही तर उद्या." तेवढं ऐकलं मात्र, आणि चिमाजीचं सगळं शहाणपण, सगळा हिशेब, सगळी अढी जागच्या जागी गळून पडली. खरंच पडली. त्याला वाटलं नव्हतं ती मरेल. ती बघत राहील, तो नाही म्हणत राहील, दिवस लांबत राहतील, असंच काहीतरी त्याला वाटत आलं होतं. त्यानं चुलीपाशी जाऊन स्वतः दूध तापवलं, फुंकर घालून निववलं. वाटी घेऊन पडवीत आला, म्हातारीला मांडीवर टेकवलं, तिची बोटं एक एक करून वाटीभोवती धरवली आणि वर आपला हात ठेवला. "आये," तो म्हणाला, मास्तरची भाषा कुठल्या कुठे गेली होती, "दे. म्या पितो. तुज्या हातानं दे." एक घोट, आणि सगळं धुऊन निघणार होतं.

भामाबाईनं वाटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "सपला उपास?" तिनं विचारलं.

"तू दे."

"सुक्कीरवार हाय आज. फुला म्हनली, ऐतवारी सपतोय." तिनं बोटं आवळली आणि होती नव्हती ती ताकद लावून वाटी त्याच्या तोंडापासून लांब नेली. दूध गोधडीवर हिंदकळलं. "न्हाई. माज्यापायी नगं मोडूस. दोन दिसांसाठनं मोडतोस व्हय? म्या जलमभर पाळला, मला ठावं हाय नेम मंजी काय. त्यो मोडला की मानूस मोडतंय." दम लागला म्हणून ती थांबली. फुलाबाई दारात उभी होती. चिमाजीच्या जिभेवर शब्द आलेला होता. मोडलाय. कवाच मोडलाय, आये, दे. एवढंच म्हणायचं होतं, की तिनं वाटी पुढे केली असती. पण मग तिनं विचारलं असतं, कवा? आणि त्याला सांगावं लागलं असतं की त्या रविवारी, तू विचारलंस त्याच दिवशी. आणि तिनं मागचे दिवस एक एक करून आठवले असते, प्रत्येक दिवशी त्यानं नाही कसं म्हटलं ते. तो शब्द जुळवत होता. जुळला असता कदाचित. आणखी थोडा वेळ मिळायला हवा होता, आणि तिनं बोलायला नको होतं.

"वाड्यावर समदी म्हनायची," भामाबाई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखं झालं, "भामाचं पोर बाटलं. त्याला ना देव, ना धर्म. म्या गप ऐकायची. काय बोलनार? सोडून आलेली म्या." तिनं मोकळा हात त्याच्या गालावर ठेवला. "आता सांग म्हनावं सावळ्याला, समद्यास्नी सांग. लई नेमाचं हाय माजं पोर. आयेसाठनं बी मोडलं न्हाई त्यानं. माज्यावानीच हाय."

असं त्याच्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं. साहेब बोलले नव्हते, मंडळी बोलली नव्हती. आणि हिच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायला तो वाटीतून वर बघितल्या दिवसापासून थांबलेला होता, हे त्याला आत्ता कळत होतं. तिचा हात गालावर होता. ऊबदार नव्हता तो, गारच होता. पण चिमाजीच्या अंगभर काहीतरी गोड पसरत गेलं, इतकं की डोळे भरून आले, आणि जिभेवर जुळत आलेला शब्द त्यानं गिळून टाकला. तिच्या हातातली वाटी त्यानं अलगद सोडवून घेतली. "बरं, आये," तो म्हणाला. "रविवारी."

"व्हय. ऐतवारी," ती म्हणाली.

वाटी घेऊन तो मजघरात आला. फुलाबाई बाजूला झाली. "प्यालात?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "तीच नको म्हणाली." फुलाबाई पडवीत गेली. चिमाजी भिंतीच्या अलीकडे उभा राहिला. आतून म्हातारीचा आवाज आला, अगदी पुसट, सुनेला सांगत होती, "बगितलंस का गं? माजं पोर..." पुढचं ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणेल, आणि ह्या खेपेला सगळं नीट ऐकू येईल, म्हणून तो श्वास धरून भिंतीला कान लावून उभा राहिला. बराच वेळ राहिला. मग आतून फुलाबाईनं हाक मारली. "या आता," ती म्हणाली. "संपलं."